पौष अमावास्येची प्रत

९ फेब्रुवारी २००९, सोमवार

लागले बाई एकदाची नोकरीला! सकाळी आईने हातावर दही-साखर ठेवली, सिन्नरच्या स्टँडपर्यंत सोडायला आली आणि जीप सुटेस्तोवर खिडकीतून सूचना देत राहिली. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे तिच्या सगळ्या सूचना माझ्याच वाट्याला येतात. नाशिक काही सातासमुद्रापार नाही, तासाभराचा रस्ता, पण तिचं तोंड बघून कोणाला वाटावं की मुलगी विलायतेला निघाली. इंदिरानगरला खोली मिळालीय. मालकीणबाई श्वास घेतात तेवढ्यांदा पाणी जपून वापरा म्हणतात, बाकी बऱ्या आहेत.

ऑफिस कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. कंपनीचं नाव आवक-जावक. पिंपळगाव-ओझरकडची द्राक्षांची पॅकहाउसं, कोल्ड स्टोरेजवाले, कांद्याचे व्यापारी, सगळ्यांचा मालाचा साठा, बिलं, मजुरांची हजेरी आमच्या सर्व्हरवर असते. त्यांनी आपापल्या ठिकाणी बसून इंटरनेटवरून वापरायचं. मालक निवृत्तीनाना बोरस्ते, मूळचे कांद्याचे व्यापारी. मुंबईला कुठल्याशा परिषदेला जाऊन आल्यापासून ते येईल-जाईल त्याला सांगतात की आपला सगळा कारभार आता क्लाऊडमध्ये आहे. मी म्हटलं, नाना, मला ढग दाखवा. तर ढग म्हणजे बाथरूमशेजारची एसी लावलेली खोली, दाराबाहेर संतोषच्या चपला. हा संतोष सर्व्हर सांभाळतो. माणूस बरा, पण हसायचं झालं तरी आधी परवानगी घेईल असा वाटतो.

ऑफिसची स्वतःची हजेरीही त्याच सर्व्हरवर. संतोषने माझा फोटो काढला, यंत्रावर अंगठा घेतला आणि म्हणाला, झालं, मॅडम, तुम्ही ढगात. फोटोत मी पोलीस चौकीतल्या पाकीटमारासारखी दिसते.

एक गंमत कळली. सर्व्हरवरच्या सगळ्या गोष्टींची पूर्ण प्रत काढायला फार वेळ लागतो आणि तेवढा वेळ काम बंद ठेवावं लागतं. आता बाजार बंद कधी? अवसेला. अमावास्येला कांद्याचे लिलाव होत नाहीत. म्हणून आमची पूर्ण प्रत दर अमावास्येला निघते. बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायची आणि नानांच्या घरी ठेवायची. पुण्यामुंबईचे लोक ऐकून हसतील, पण मला तरी यात चुकीचं काही दिसत नाही.

१८ फेब्रुवारी

आज पिंपळगाव बसवंतला गेले होते. केरूभाऊंच्या पॅकहाउसमध्ये हजेरीचं नवं यंत्र शिकवायचं होतं. केरूभाऊ तिथले मुकादम. बायका डोक्याला टोप्या, हातात कात्र्या घेऊन घड साफ करत होत्या, आणि आतल्या थंड खोलीचं दार उघडलं की सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. द्राक्षाच्या चिकानं बोटं माखलेली, त्यामुळे यंत्र अंगठे घेईना.

भागीबाई म्हणून एक वयस्कर बाई आहे, तिचा अंगठा सगळ्यात हट्टी. पदराला पुसून, फुंकर घालून तिनं पुन्हा पुन्हा दाबला आणि मग मला म्हणाली की ह्या यंत्राला माझी वळख पटंना, माझ्या सासूचंबी असंच व्हतं. सगळ्या बायका खो खो हसल्या. जेवायच्या सुट्टीत तिनं मला जवळ ओढून बसवलं, भाकरी आणि ठेचा दिला, आणि लग्नाचं काय ठरलं ते विचारलं. हा प्रश्न नसता तर मला चुकल्यासारखं झालं असतं.

पेठकडून आलेल्या एका जोडप्याचीही नोंद केली. मंगळू आणि कुसाबाई. या महिन्याच्या सुरुवातीलाच कामावर आलेत, पॅकहाउसच्या मागे प्लास्टिकच्या कागदाचं पाल टाकून राहतात. कुसाबाईनं पडद्यावर स्वतःचा फोटो बघितला आणि लाजून मंगळूच्या पाठीमागे लपली. पहिल्यांदाच बघत होती बहुतेक. मला ती फार गोड वाटली.

२५ फेब्रुवारी

अमावास्या. दिवसभर बसून पूर्ण प्रत काढली. संध्याकाळी संतोषबरोबर डिस्क पोचवायला नानांच्या घरी गेले, तर त्यांच्या मातोश्री ताट घेऊन तयार! डिस्क देवघरात ठेवतात, लक्ष्मीच्या शेजारी. आजींनी पळीभर पाणी शिंपडलं, ओलं हळदीकुंकू लावलं, वर फूल. मी संतोषकडे बघितलं तर तो हात जोडून उभा. मी म्हणाले, अहो, त्यात पाणी जाईल. आजी म्हणाल्या की देवाच्या पाण्याने आजपर्यंत कोणाचं वाईट झालं नाही. प्रसाद घेतला आणि आले.

१ मार्च

काल भागीबाई गेली.

दुपारी जेवण आणायला हायवे ओलांडत होती, टेम्पोनं उडवलं. केरूभाऊंचा फोन आला की तिला नाशिकला आणतोय, तुम्ही जवळ आहात, पुढं व्हा. मी सिव्हिलला पोचले तेव्हा तिला स्ट्रेचरवरून उतरवत होते. कपाळाची डावी बाजू आत गेलेली. डोळा तसाच उघडा. मी नको नको म्हणत बघितलंच.

आज तिचं नाव सिस्टीममध्ये बंद करायचं कामही माझ्याच नशिबी. नावापुढे मयत लिहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. फार ओळख नव्हती, एका भाकरीची ओळख. पण रडू आलं.

१६ मार्च

सत्यानाश! रंगपंचमीचे कान अजून सगळ्यांचे लाल-हिरवे आणि सकाळी येऊन बघतो तर सर्व्हर मेलेला. यूपीएसमध्ये काहीतरी फुटलं आणि आतल्या सगळ्या डिस्क जळल्या. रोजच्या रोज निघणाऱ्या छोट्या प्रती कुठे? त्याच पेटीत! घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून कुलूप लावल्यातली गत. संतोष भिंतीला टेकून खाली बसला होता.

मग नानांच्या देवघरातून फेब्रुवारीची डिस्क आणली. जोडायच्या तोंडात हळदीकुंकवाचा लाल चिखल वाळून बसलेला. दोन दुकानं फिरलो, काही उपयोग नाही. तिच्या आधीची पौष अमावास्येची, नेमकी सव्वीस जानेवारीची, ती मात्र ठणठणीत आहे, कारण तेव्हा आजी गावाला गेल्या होत्या.

म्हणजे आमच्याजवळ आता सव्वीस जानेवारीपर्यंतचं जग आहे, पुढचं नाही.

१८ मार्च

पूर्ण रिस्टोअरची योजना लिहायचं काम नानांनी माझ्यावर टाकलंय. संतोषपेक्षा माझं डोकं थंड आहे म्हणाले. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

तूर्त एक रिकामा सर्व्हर लावून रोजच्या नव्या नोंदी त्यावर घेतोय, नाहीतर गिऱ्हाइकं आम्हाला जिवंत सोडणार नाहीत. येत्या अमावास्येला, सव्वीस मार्चला, बाजार बंद असताना जानेवारीची पूर्ण प्रत त्याच्यावर चढवायची. जे जानेवारीत होतं ते सगळं परत येईल, जे नंतरचं आहे ते पुसलं जाईल. मग कागदांवरून नंतरच्या नोंदी हाताने भरायच्या. दुसऱ्या दिवशी पाडवा, नानांना पाडव्याला नारळ फोडून नव्याने सुरुवात करायची आहे.

एकेक गिऱ्हाईक क्रमाने चढेल, आमच्या ऑफिसचा स्वतःचा भाग सगळ्यात शेवटी. एक कलम मी मोठ्या अक्षरांत घातलंय: सुरू झाल्यावर कोणत्याही कारणाने मध्ये थांबवू नये. कारण अर्धवट थांबलं तर जुनंही धड राहत नाही आणि नवंही, हजारो लोकांच्या नोंदी जातील. नानांनी सही केली. आईला फोनवर वाचून दाखवलं, तिला ओ की ठो कळलं नाही पण खूष झाली.

२० मार्च

केरूभाऊंना अमावास्येपर्यंत दम नाही. परदेशी जाणारा कंटेनर भरायचाय आणि जुने आकडे पाहिजेत. म्हणून रंगीत तालीम म्हणून आज दुपारी त्यांचं एकट्याचं पॅकहाउस चढवून बघितलं. एकही चूक न येता झालं. संतोष चक्क परवानगी न घेता हसला. त्याने सगळ्यांना कुल्फी आणली.

२१ मार्च, शनिवार

नीट लिहिते. जे पाहिलं तेच लिहिते.

सकाळी पिंपळगावला गेले, चढवलेली हजेरी आणि प्रत्यक्षातली माणसं जुळतात का बघायला. ऊन रणरणत होतं. पॅकहाउसच्या दारातून आत शिरले तर पहिल्याच टेबलावर भागीबाई.

कात्री चालवत होती. अंगात जाड लोकरीचा स्वेटर, डोक्याला मफलर. मला वाटलं बहीण असेल, तिच्यासारखी दिसणारी. केरूभाऊंनीही मला पहिल्यांदाच बघितल्यासारखं नाव-गाव विचारलं; आवक-जावकमधून आलेय सांगून मी त्यांना विचारलं ही कोण. ते म्हणाले, भागीबाई हाय ना, जुनी बाई आपली, का वो? मी म्हणाले, भागीबाई गेली ना, फेब्रुवारीत, तुम्हीच फोन केला होता मला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. म्हणाले, मॅडम, सकाळी सकाळी अभद्र काय बोलता.

मी तिच्याजवळ गेले. तिनं मला ओळखलं नाही. कुठून ओळखणार, सव्वीस जानेवारीला मी कुठे होते? कपाळाची डावी बाजू कोरी, गुळगुळीत, लहान मुलीची असावी तशी. तिचा हात माझ्या हाताला लागला. त्या थंड खोलीतली क्रेट असते तसा गार. म्हणाली, लय गारठा हाय आज, बाई. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता.

आणि मागे पाल नव्हतं. मंगळू, कुसाबाई कोणी नव्हतं. चुलीचे दगडसुद्धा नाहीत. केरूभाऊ म्हणाले पेठची कोणी माणसं यंदा लावलीच नाहीत.

मी आनंदी व्हायला हवं होतं, नाही का? मेलेली बाई परत आली. मला तिथून पळावंसं वाटलं आणि मी पळाले.

२२ मार्च

झोप नाही. एसटीने पेठला आणि तिथून जीपने मंगळूच्या पाड्यावर गेले. त्याचं गाव त्याची नोंद करताना मीच लिहिलं होतं, म्हणून लक्षात होतं. वाटलं, कामावरून घरी आले असतील दोघं. देवा, घरी असू देत.

मंगळूची आई अक्काबाई ओट्यावर पडून होती, ताप. पण तिला दोघं लख्ख आठवत होती. मंगळू द्राक्षाला गेलाय म्हणाली, निरोपही येत नाही त्याचा. आणि कुसाबाई सासूचा ताप ऐकून गुरुवारी गावी आली होती. शुक्रवारी दुपारी चुलीपुढं बसून नागलीची भाकर थापत होती. अक्काबाईनं पाणी घ्यायला पाठ फिरवली. वळून बघते तर भाकर तव्यावर करपतेय, आणि चुलीपुढं कोणी नाही. नुसतं पीठ लागलेलं ताट. सगळ्या पाड्यानं रान पालथं घातलं.

शुक्रवारी दुपारी. आम्ही कुल्फी खात होतो तेव्हा.

म्हातारीनं माझा हात धरून विनवलं की तू नाशकातली ना, माझ्या लेकरांना धाडून दे. मी हो म्हणाले. जीपमध्ये बसल्यावर उमगलं. प्रतीत जे आहेत ते परततात. सर्व्हरवर नोंद असून प्रतीत जे नाहीत ते नाहीसे होतात, कुठेही असोत. ज्यांची नावं प्रतीत आहेत ते त्यानंतरचं सगळं विसरतात. आठवतं फक्त त्यांना, ज्यांचं नाव या सर्व्हरवर कधी आलंच नाही, किंवा ज्यांची पाळी अजून यायची आहे.

मी नऊ फेब्रुवारीला लागले. मी त्या प्रतीत नाही.

२३ मार्च

नानांना सांगितलं. संतोषसमोर सगळं सांगितलं. सिव्हिलचं, पालाचं, भाकरीचं. नानांनी शांतपणे ऐकलं, पाणी दिलं आणि म्हणाले, बेटा, कामाचा ताण आहे, चार दिवस घरी जाऊन ये. मी ओरडले. खुर्ची पाडली बहुतेक. म्हणाले भागीबाईला फोन लावून देतो, बोल तिच्याशी. ती जिवंत आहे हाच त्यांचा पुरावा!

निदान आमच्या ऑफिसचा भाग वगळा म्हणून हातापाया पडले. नाना म्हणाले, अगं, योजना तुझीच, आणि झकास आहे.

२४ मार्च

पळून उपयोग नाही. कुसाबाई तर गावी होती.

एकच सुचतंय. ती गेली तेव्हा अक्काबाईची पाठ फिरली होती. ज्याचं नाव कुठल्याच प्रतीत नाही अशा माणसानं हात घट्ट धरला आणि डोळा हलवला नाही तर? मूर्खपणा वाटेल. वाटू दे. दुसरं आहे काय हातात.

आईला फोन केला. गुरुवारी ये म्हटलं. अवसेला घराबाहेर पडायचं म्हणजे तिच्या जिवावर येतं, म्हणाली पाडव्याला येते की गं. मी फोनवर रडले. मग म्हणाली येते.

ऑफिसचा भाग सगळ्यात शेवटी आहे, तोवर मी माझ्या कॉम्प्युटरवरून तो चढवायच्या यादीतून काढून टाकते. आईनं शेजारी बसायचं, हात धरून. म्हणून ऑफिसात जायलाच हवं.

२५ मार्च

दिवसभर जाऊन-येऊन यंत्रावर अंगठा लावून बघतेय. सर्व्हर जळला तरी यंत्राच्या आत राहिलेला माझा फोटो येतो. पाकीटमार. कधी नव्हे तो आवडला मला.

मंगळूचं नाव हाताने परत भरून बघितलं. नाव दिसतं. बाकी काही नाही. फोटोच्या जागी करडा चौकोन. अक्काबाईला काय सांगू—

२६ मार्च, अमावास्या

सकाळीच सुरू झालं. नानांनी नारळ फोडला.

माझा पासवर्ड चालत नाही. संतोषने बदललाय. नानांनी सांगितलं म्हणे, सोमवारच्या माझ्या तमाशानंतर. तो मान खाली घालून म्हणाला, मॅडम, सॉरी, आज फक्त बसून राहा. सर्व्हरच्या खोलीला कुलूप. किल्ली नानांच्या खिशात.

वायर ओढू का? मेन स्विच जिन्याखाली आहे, मला माहितेय. पण अर्धवट थांबलं तर— मीच लिहिलंय ते. पाच तालुक्यांतले मजूर. धड जुने नाहीत, धड नवे नाहीत. ती सगळी माणसं अधांतरी. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. नाही होत माझ्याच्यानं.

पिंपळगाव, ओझर झालं. दिंडोरी चालू आहे. गिऱ्हाइकांचे फोन येतायत, सगळे खूष. एक कोल्ड स्टोरेजवाला सांगत होता की आज अचानक काय थंडी पडलीय, माणसं शेकोटी करून बसलीत. बाहेर कावळेही झाडाखाली सावलीला बसलेत इतकं ऊन आहे.

थोड्या वेळाने

आई आली! घामाघूम. हातात पिशवी, त्यात उद्याच्या गुढीसाठी साखरेची गाठी आणि माझ्यासाठी डबा. देवाशपथ, इतकं बरं वाटलं. तिला शेजारी बसवलं. माझा डावा हात तिच्या हातात, उजव्यानं लिहितेय. तिला सांगितलं काही झालं तरी सोडू नकोस आणि माझ्याकडेच बघ. म्हणाली, वेडी झालीस का गं, पण धरलाय. घट्ट. तिच्या हाताला लसणाचा वास येतोय.

तिचं नाव कुठेच नाही. ना कुठलं पॅकहाउस, ना व्यापारी. आयुष्यात कॉम्प्युटरला शिवली नाही ती. मला आज याचाच आधार—

आता हसत हसत मला पदरावरचं काहीतरी दाखवतेय. स्टिकर आहे. तिचा फोटो आहे त्याच्यावर.

म्हणते खाली गेटवर काढला. गिऱ्हाइकं येऊन दंगा करतात म्हणून आजपासून नानांनी नवं यंत्र बसवलंय, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा फोटो आणि अंगठा. म्हणते, माझा अंगठा पहिल्या झटक्यात घेतला बघ, वॉचमननं कौतुक केलं.

कुठे जातात त्या नोंदी? संतोष! पाहुण्यांच्या नोंदी कुठे—

आपल्याच सर्व्हरवर म्हणतो. ऑफिसच्या भागात. आधी पाहुणे चढतील, मग कर्मचारी.

नंतर

स्टिकर फाडला. काय उपयोग. अंगठा तर गेला.

तिला म्हटलं जा, आत्ताच्या आत्ता सिन्नरला जा. मग आठवलं. कुठेही असोत. परत बसवलं. आता मी तिचा हात धरलाय. मीच धरलाय. ती विचारतेय की काय झालं, डोळ्यांत पाणी का. डबा उघड म्हणते, भरीत केलंय. सांगू? काय सांगू हिला? मीच बोलावलं. अवसेला निघायला नको म्हणत होती, मी रडून बोलावलं.

नानांच्या पायांवर डोकं ठेवलं. फक्त पाहुण्यांचा भाग थांबवा, नाना, माझा करा, माझा आधी करा. ते आईला म्हणाले, ताई, हिला घरी घेऊन जा, हिला विश्रांती पाहिजे. आई मान डोलावतेय. माझ्या केसांवरून हात फिरवतेय.

दिंडोरी संपली. पडद्यावर आमच्या ऑफिसचं नाव आलं.

मी डोळा हलवणार नाही. वहीकडेही बघत नाही, न बघता लिहितेय, ओळी वाकड्या जातील. आईकडे बघतेय. तिच्या नाकातली चमकी. हनुवटीवरचं गोंदण. बघतेय. ती म्हणते, अशी काय बघतेस, मी काय पळून चाललेय का—

डोळ्यांत पाणी आलं. नुसती पापणी मिटली. एवढीच

हात रिकामा आहे

आई

पिशवी नाही. डबा नाही. खुर्ची थंडगार

नाना शाल मागतायत. संतोषनं स्वेटर घातलाय. दोघंही माझ्याकडे बघतायत, संतोष हळूच विचारतोय की ह्या बाई कोण, आत कशा आल्या—

मी ओरडून सांगतेय माझी आई इथे होती, आत्ता इथे बसली होती. कोणती आई म्हणतात. कोणाची आई.

इथे तिला ओळखणारी आता मी एकटीच उरलेय आणि माझी पाळी